करवतीचा हिशेब आणि भास्कराचार्य

मित्रांनो, वार्षिकांकात भास्कराचार्यांवर लेख दिसला की तुमच्यापैकी निम्मे जण पान उलटून थेट विनोदी किस्से आणि शेरोशायरीकडे जाणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. मीसुद्धा तेच केलं असतं. पण या माणसाची आणि माझी ओळख काही गणिताच्या प्रेमातून झाली नाही. ती झाली चार सनमायकाच्या शीटमुळे. त्या चार शीटचे पैसे माझ्या वडिलांच्या खिशातून गेले आणि चूक माझी होती.

मी मूळचा दौंडचा. दौंड म्हटलं की सगळ्यांना जंक्शन आठवतं. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन इथं एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे, त्यामुळे अर्ध्या महाराष्ट्राने दौंडच्या फलाटावर चहा प्यायलेला आहे. आमचं घर गावाच्या भीमेकडच्या बाजूला. वडील सुतारकाम करतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सातवीनंतर शाळा सुटली आणि हातात रंधा आला. मोजपट्टी, गुण्या आणि कानावरची पेन्सिल एवढ्या भांडवलावर त्यांनी मला इंजिनिअरिंगपर्यंत आणलं.

पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी सुट्टीला घरी गेलो, तेव्हा अण्णांकडे एक बरं काम आलं होतं. एका संस्थेला जमिनीवर बसून लिहायची ४० डेस्क हवी होती. जुन्या पेढीवर मुनीमजींचं असायचं तसं, पुढं बुटकं, मागं उंच आणि वरची फळी ढाळाची. रुंदी २४ इंच, पुढून मागे खोली १५ इंच, पुढची उंची ७ आणि मागची १५ इंच. सांगाडा प्लायवुडचा आणि बाहेरून सनमायका. तळाला आणि आतून काही लावायचं नव्हतं. संस्थेला ठोक भाव हवा होता, तोही दुसऱ्या दिवशी.

अण्णांनी कागद माझ्यापुढे सरकवला. पोरगा इंजिनिअर होतोय, आता हिशेब त्यानेच करावा, असं त्यांच्या मनात होतं. मी पाच मिनिटांत आकडा काढला. वरची फळी १५ गुणिले २४ म्हणजे ३६०, मागची १५ गुणिले २४ म्हणजे ३६०, पुढची ७ गुणिले २४ म्हणजे १६८. एकूण ८८८ चौरस इंच. ४० डेस्कांचे ३५,५२०. त्याला १४४ ने भागलं की सुमारे २४७ चौरस फूट. आठ बाय चारची शीट ३२ चौरस फुटांची, म्हणजे ८ शीट. वर ९ चौरस फूट उरतात, हेही मी रुबाबात सांगितलं. अण्णांनी कागदाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, बोटांनी हवेत काहीतरी मोजलं, पण बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या आकड्यावर भाव देऊन टाकला.

तुम्हाला चूक दिसली असेलच. एक तर मी डेस्कच्या दोन्ही बाजू, म्हणजे डावी-उजवीकडच्या उभ्या फळ्या, विसरूनच गेलो. दुसरं म्हणजे ढाळाची फळी १५ इंच नसतेच. खोली १५ आणि उंचीतला फरक ८, म्हणजे तिरकी लांबी १७. आठ, पंधरा, सतरा. पायथागोरसचं हे त्रिकूट मी दहावीत पाठ केलं होतं! खरा हिशेब असा: वर ४०८, मागे ३६०, पुढे १६८ आणि दोन बाजू प्रत्येकी १६५ म्हणजे ३३०. एकूण १,२६६ चौरस इंच. ४० डेस्कांना जवळजवळ ३५२ चौरस फूट. ११ शीटमध्ये कागदावर जेमतेम बसतं, पण कातरण जातंच. प्रत्यक्षात १२ शीट लागली. मी सांगितली होती ८.

आणि खरी लाज पुढेच आहे. त्याच सेमिस्टरला इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेसचा प्रश्न मी ड्राफ्टर लावून झकास सोडवला होता. प्रिझम उलगडून त्याचे सगळे पृष्ठभाग कागदावर पसरायचे, एवढंच तर त्यात असतं. शीटवर जमलं, घरात जमलं नाही.

अण्णा मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी वखारीतून उधारीवर आणखी ४ शीट आणली आणि काम पुरं केलं. पण पुढच्या कामाचा कागद माझ्यापुढे सरकला नाही. ते स्वतःच ओसरीवर बसून वितीने आणि बोटाने मोजत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कॉलेज सुरू झाल्यावर एकदा लायब्ररीत पाऊस थांबायची वाट बघत उभा होतो. समोर मराठी विभागाच्या रॅकमध्ये ना. ह. फडके यांचं लीलावती पुनर्दर्शन दिसलं. सहज उघडलं आणि नेमकं जे पान निघालं, त्यावर करवतीचा हिशेब होता. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचा माणूस सुताराचा हिशेब मांडतोय, हे पाहून मी खालीच बसलो. त्या दिवसापासून हाती लागेल ते वाचत गेलो. हा लेख त्याचाच.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. हे कुणी तर्काने काढलेलं नाही. त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात जन्माचं शक नोंदवून ठेवलं आणि आपण ३६ व्या वर्षी सिद्धांतशिरोमणी रचला, हेही सांगून टाकलं. त्यामुळे ग्रंथाचं वर्ष ११५० हे पक्कं. आपलं गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याचंही त्यांनी लिहिलं आहे. गावाचं नाव विज्जडविड. हे गाव म्हणजे चाळीसगावजवळचं पाटण की विजापूर, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण त्यांच्या घराण्याचा सगळ्यात ठळक पुरावा सापडला तो पाटणलाच. त्याकडे नंतर येतो.

वडिलांचं नाव महेश्वर. तेच भास्कराचार्यांचे गुरू. शांडिल्य गोत्रातलं हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या विद्येत मुरलेलं. शिलालेखात त्रिविक्रमापासून महेश्वरापर्यंत वंशावळ दिली आहे आणि जवळपास प्रत्येक नावापुढे विद्वत्तेचं कौतुक आहे. म्हणजे बापाने मुलाला शिकवायचं, मुलाने नातवाला, अशी ही घरातलीच शाळा. मला हे वाचताना आमचं घर आठवलं. फरक एवढाच, की आमच्याकडे रंधा शिकवला जातो आणि शिलालेख कुणी कोरत नाही.

काळ कसा होता? कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता उतरणीला लागलेली, मधेच कलचुरी बिज्जलाने गादी बळकावलेली आणि उत्तरेला देवगिरीचे यादव डोकं वर काढत असलेले. राजे बदलत होते, सरहद्दी बदलत होत्या. अशा धामधुमीत छत्तिशीतला एक माणूस चार भागांचा ग्रंथ लिहून काढतो: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्यात अंकगणित आणि भूमिती, दुसऱ्यात अज्ञात राशींचं गणित, पुढच्या दोनांत ग्रहांची गती आणि गोलाचं शास्त्र. आपल्या भाषेत सांगायचं तर एम-वन, एम-टू आणि अॅस्ट्रॉनॉमी एकाच माणसाने लिहिली. वर आपल्याच ज्योतिषाच्या श्लोकांवर वासनाभाष्य नावाची टीकाही लिहिली, म्हणजे सोल्युशन मॅन्युअलसुद्धा स्वतःचंच.

लीलावती या नावाबद्दलची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती, तिच्या लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवलेलं, ती वाकून बघताना तिच्या दागिन्यातला मोती त्यात पडला, छिद्र बुजलं, मुहूर्त टळला आणि मग बापाने तिच्या समाधानासाठी ग्रंथाला तिचं नाव दिलं. गोष्ट गोड आहे. पण ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्यातून ती पसरली. ग्रंथात मात्र कुठे एखाद्या हरिणाक्षीला, कुठे बाळाला, तर कुठे मित्राला उद्देशून गणितं घातलेली आहेत. समोर कुणीतरी बसलंय आणि आपण त्याला शिकवतोय, असा सगळा सूर. गणिताच्या पुस्तकात भुंगे, हंसांचे थवे, तळ्यातलं कमळ आणि मोराने झडप घातलेला साप येतात, आणि सगळ्यांना आकडे चिकटलेले असतात.

आता मूळ मुद्दा. लीलावतीत क्षेत्रांचं प्रकरण संपलं की लागोपाठ तीन प्रकरणं येतात: खातव्यवहार, चितिव्यवहार आणि क्रकचव्यवहार. खात म्हणजे खणलेला खड्डा, विहीर, तळं. चिती म्हणजे विटांची किंवा दगडांची रचलेली रास. क्रकच म्हणजे करवत. थोडक्यात बेलदार, गवंडी आणि सुतार यांचं गणित. आपण शाळेत घनाकृतींची जी नावं शिकलो ती आठवून बघा. इष्टिकाचिती, वृत्तचिती, सूची. इष्टिका म्हणजे वीट. विटांची रचलेली रास ती इष्टिकाचिती. नववी-दहावीत मी हा शब्द शेकडो वेळा लिहिला, पण त्यात वीट लपली आहे हे मला कधी सुचलं नाही. पृष्ठफळ आणि घनफळ हे शब्दही त्याच जुन्या वाटेने आपल्याकडे आले.

चितीतलं उदाहरण बघा. वीट १८ अंगुळे लांब, १२ रुंद, ३ जाड. रास ८ हात लांब, ५ हात रुंद, ३ हात उंच. विटा किती आणि थर किती? एक हात म्हणजे २४ अंगुळे. राशीचं घनफळ १२० घनहात. एका विटेचं ६४८ घन अंगुळे, म्हणजे एका घनहाताचे ६४ भाग करून त्यातले ३. भागाकार केला की २,५६० विटा येतात. उंची ७२ अंगुळे, वीट ३ अंगुळे जाड, म्हणून थर २४. स्थापत्यवाल्यांनो, आपण एस्टिमेटिंगमध्ये एका घनमीटरला ५०० विटा हे पाठ करतो, तेही असंच येतं. मसाल्यासकट वीट २० बाय १० बाय १० सेंटिमीटर धरायची. भास्कराचार्यांच्या राशीत मसाला नाही, एवढाच काय तो फरक.

आणि मग करवत. इथे प्रश्न घनफळाचा नाही. लाकूड चिरताना करवत जिथून जाते, तिथे नवा पृष्ठभाग उघडा पडतो. मजुरी त्या पृष्ठभागाची. उदाहरणात ओंडका बुंध्याशी २० अंगुळे जाड, शेंड्याशी १६ अंगुळे, लांबी १०० अंगुळे. त्याला चार ठिकाणी उभं चिरायचं. दोन जाड्यांची बेरीज करून निम्मी केली की १८. त्याला १०० ने गुणलं की एका चिरेचा पृष्ठभाग १,८०० चौरस अंगुळे. चार चिरांचे ७,२००. त्याला ५७६ ने भागलं की साडेबारा चौरस हात. आडव्या छेदाचं उदाहरणही आहे. रुंदी ३२, जाडी १६, छेद ९. गुणाकार ४,६०८, भागिले ५७६, उत्तर बरोबर ८.

हा ५७६ कुठून आला, असं मी रूममेटला विचारलं. तो म्हणाला की काहीतरी जुना स्थिरांक असेल. स्थिरांक कसला, २४ गुणिले २४! हातात २४ अंगुळे, म्हणून चौरस हातात ५७६ चौरस अंगुळे, जशी आपल्या चौरस फुटात १४४ चौरस इंच. लांबीला एकदा भागायचं, क्षेत्राला दोनदा आणि घनाला तीनदा. निम्म्या व्हायव्हा याच एका ठिकाणी अडकतात.

पण मला थांबवलं ते बेरजेच्या निम्म्याने. २० आणि १६ चे १८. माझ्या डेस्कची बाजू तशीच आहे, पुढे ७, मागे १५, निम्मे ११, गुणिले १५ म्हणजे १६५. आणि एकदम आठवलं, अण्णांनी त्या बाजू कशा कापल्या होत्या. एक तुकडा सरळ, दुसरा त्याला उलटा लावून. ७ ला १५ भिडवलं की २२ बाय १५ चा सरळ आयत होतो, एका आयतात दोन बाजू निघतात आणि कातरण वाया जात नाही. १२ शीटमध्ये काम बसलं ते याच युक्तीने. सूत्र माहीत नसलेल्या माणसाने सूत्राची सिद्धताच हाताने करून दाखवली होती, आणि मी शेजारी उभा राहून फक्त शीट धरत होतो.

त्या प्रकरणाच्या शेवटी एक बारीक नियम आहे. वीटकाम, दगडकाम, खोदकाम आणि करवतकाम यांची मजुरी किती, हे नुसत्या आकड्यावर ठरत नाही. ती काम करणाऱ्यांशी बोलून ठरते आणि माल मऊ की कठीण यावर अवलंबून असते, अशा अर्थाचा. एवढा मोठा गणिती शेवटी कारागिराला विचारा म्हणतो! बाभळीला चिरण्याचा दर वेगळा आणि कडुनिंबाचा वेगळा, हे अण्णा मला लहानपणापासून सांगत आले आहेत. मी ते गणितात धरत नव्हतो.

पृष्ठफळाची गोष्ट इथंच संपत नाही. भास्कराचार्यांनी चेंडूचंही पृष्ठफळ काढलं. लीलावतीतला नियम असा, की वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचं पृष्ठफळ, आणि त्याला चेंडूभोवती विणलेल्या जाळीची उपमा दिली आहे. व्यास ७ असलेल्या गोलाचं उत्तर दशांशात सांगायचं तर १५३.९३८४. परीघ काढायला त्यांनी दोन गुणोत्तरं दिली, व्यवहारासाठी २२ भागिले ७ आणि सूक्ष्म हिशेबासाठी ३,९२७ भागिले १,२५०. दुसऱ्याचं मूल्य ३.१४१६ भरतं. कुठे किती अचूकता लागते हे ओळखणं, हे तर इंजिनिअरचंच काम.

त्यांच्या आधीचा लल्ल हा मोठा ज्योतिषी. त्याने गोलाचं पृष्ठफळ काढताना वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणलं होतं. भास्कराचार्यांनी गोलाध्यायात ही चूक स्पष्ट दाखवली. आज आपण म्हणू, क्षेत्राला लांबीने गुणलं तर उत्तर घन येणार, पृष्ठफळ कसं येईल? युनिट चेक केलं असतं तरी चूक सापडली असती. पण नुसती चूक दाखवून ते थांबले नाहीत, पटवूनही दिलं. आवळ्यावर वरून खाली रेघा असतात, तशा गोलाच्या पृष्ठभागावर काढायच्या, ९६ फाकी पाडायच्या, एका फाकेचं क्षेत्रफळ ज्यांच्या कोष्टकाने काढायचं आणि ९६ ने गुणायचं. उत्तर परीघ गुणिले व्यास, म्हणजेच वर्तुळाच्या चौपट. पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजने आणि व्यास १,५८१ योजनांहून किंचित जास्त धरून त्यांनी पृथ्वीचं पृष्ठफळही मांडलं, ७८,५३,०३४ चौरस योजने. वाकडा पृष्ठभाग बारीक तुकड्यांत तोडायचा, तुकडे मोजायचे आणि बेरीज करायची. इंटिग्रेशनच्या तासाला आपण हेच करतो, फक्त आवळा आणत नाही.

घनफळासाठी त्यांनी आणखी एक चित्र उभं केलं. गोल म्हणजे असंख्य सूची, सगळ्यांची टोकं मध्यबिंदूत आणि तळ पृष्ठभागावर. सूचीचं घनफळ समखाताच्या एक तृतीयांश. म्हणून गोलाचं घनफळ म्हणजे पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले ६. एकदा पृष्ठभाग नीट मोजला की आतलं सगळं हाती येतं.

बीजगणितातलं त्यांचं काम तर जगाने मानलं. एखाद्या वर्गसंख्येला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग मिळावा, अशी संख्या शोधा, हे कोडं फर्माने १६५७ मध्ये युरोपात घातलं. भास्कराचार्यांनी ते चक्रवाल पद्धतीने पाचशे वर्षं आधी सोडवून ठेवलं होतं. सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८०. कॅल्क्युलेटरवर करून बघा, पडदा पुरत नाही.

वयाच्या सत्तरीला टेकले तरी हात थांबला नाही. ११८३ साल धरून करणकुतूहल हा पंचांगाच्या सोप्या गणिताचा ग्रंथ त्यांनी रचला. मोठा ग्रंथ छत्तिशीत आणि सोपा म्हातारपणी, ही उलटी क्रमवारी मला फार आवडली. अवघड लिहायला उमेद लागते, सोपं लिहायला अनुभव.

मुलगा लक्ष्मीधर. त्याला यादव राजा जैत्रपालाने पाटणहून बोलावून दरबारात पंडितांत मुख्य नेमलं. नातू चांगदेव सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला. त्याला निकुंभ घराण्याच्या मांडलिकांनी दान दिलं. १२०७ मधलं हे दान शिलालेखात कोरलेलं आहे आणि त्याचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. त्यात बाजारातल्या ग्राहकांकडून येणाऱ्या उत्पन्नाचा वाटा आणि घाण्यामागे तेल मठाला देण्याची नोंद आहे. गणिताची शाळा तेल्याच्या आणि वाण्याच्या पैशावर चालली, असा त्याचा सरळ अर्थ. हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

ग्रंथही थांबले नाहीत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी टीका लिहिली, फैजीचं फारसी भाषांतर त्यानंतरचं, आणि १८१७ मध्ये कोलब्रुकने इंग्रजीत आणलं. १९७९ मध्ये सोडल्या गेलेल्या भारताच्या उपग्रहाचं नाव भास्कर ठेवलं गेलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो, तेव्हा अण्णांना लीलावतीतली करवतीची दोन्ही गणितं वाचून दाखवली. पहिलं त्यांनी तोंडी सोडवलं. १८ शेकडा अठराशे, चार वेळा बहात्तरशे, एवढं पटकन, पण पुढे भागायचं कशाने म्हणून अडले. मी जमिनीवर खडूने २४ बाय २४ चा चौकोन आखला. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग हसले. मजुरीचा नियम ऐकल्यावर मात्र हसले नाहीत. त्या माणसाने कधीतरी हातात करवत धरली असणार, एवढंच म्हणाले. त्याच वेळी मी पहिल्यांदा त्या चार शीटबद्दल त्यांची माफी मागितली. अण्णांनी विषय बदलला आणि आईला चहा टाकायला सांगितला.

पुढे मामेभावाच्या लग्नाला चाळीसगावला जायचं होतं. दौंडला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलो, नगर (आताचं अहिल्यानगर), मनमाड करत पोचलो आणि दुसऱ्या दिवशी दोघंच पाटणला गेलो. तीन बाजूंनी डोंगर, गौताळ्याचं जंगल, पाटणादेवीचं देऊळ. मी शिलालेखाच्या गोष्टी सांगत होतो आणि अण्णा दगडांचे सांधे तपासत होते. एका कोपऱ्यावर त्यांनी बोट फिरवलं, विती टाकल्या आणि मला विचारलं की या खांबाला किती बाजू घडवाव्या लागल्या असतील. मी घाई केली नाही. खांबाभोवती एक फेरी मारली, दिसणाऱ्या बाजू मोजल्या, भिंतीत गेलेली बाजू वगळली आणि मग सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

परत आल्यावर त्यांच्याकडे एका दुकानाच्या कपाटांचं काम आलं. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. या वेळी मी आधी कपाट उलगडून कागदावर पसरलं, प्रत्येक फळीला नंबर दिला, भिंतीकडची पाठ आणि तळ वगळले, आणि शेवटी अण्णांना विचारलं की कातरण किती धरू. शीट बरोबर पुरली. अर्धी उरली, तिची आईने देव्हाऱ्याची फळी करून घेतली.

तेव्हा मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री शटरिंगचा हिशेब करताना एवढं लक्षात ठेवा. काँक्रीट घनफळावर मोजतात आणि शटरिंग पृष्ठभागावर. २३० बाय ४५० मिलिमीटरचा, ३ मीटर उंच सुटा कॉलम असेल तर काँक्रीट ०.३१०५ घनमीटर आणि शटरिंग ४.०८ चौरस मीटर. वरची आणि खालची बाजू धरायची नाही, चारही उभ्या बाजू सोडायच्या नाहीत. आणि आकडा आला की साइटवरच्या सुताराला एकदा विचारायला लाजू नका.

— एक दौंडकर, द्वितीय वर्ष, स्थापत्य